तिसरी हाक

माझा आवाज टोकियोला जाऊन आलाय. मी स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही.

हे मी मासळीबाजारात सांगायचे तेव्हा बाकीच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. "सुभद्राकाकीची जीभ आधीच लांब, आता ती विमानात पण बसली!" हसेनात का. त्यांच्यातल्या एकीचाही झील विमान चालवत नव्हता. माझा चालवत होता. कागदावर कॅप्टन हर्षद कुबल, घरात बाबलो. गाबिताच्या पोरांनी होडी चालवायची, फार तर मोठ्या बोटीवर खलाशी व्हायचं, इथवरच आमच्या वाडीची नजर. माझा झील त्यांच्या डोक्यावरून गेला, आणि मी ते दर बाजाराला ऐकवलं. ऐकवायला मला चौथीच्या वर शाळा लागली नाही.

आवाज माझा पहिल्यापासून मोठा. रापण ओढताना दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात असतात आणि मधलं जाळं समुद्रात. दोन्ही बाजूंनी एकदम ओढ लागली पाहिजे, नाहीतर मासळी फटीतून पसार. तेव्हा हाक द्यावी लागते, लाटेच्या वरून जाणारी. ती नवरा द्यायचा. एकदा त्याचा घसा बसला आणि मी दिली. बाईमाणसाने हाक देऊ नये म्हणून दोन-तीन म्हातारे कुरकुरले. जाळं भरून आलं, मग त्यांची तोंडं बंद झाली. नवरा गेल्यावर तर हाक माझीच राहिली.

तर हा आवाज विमानात कसा गेला ते सांगते.

त्या सुमाराला विमानातला दुसरा वैमानिक गेला. गेला म्हणजे मेला नाही, काढला. त्याच्या खुर्चीवर यंत्र आलं. यंत्र झोपत नाही, खात नाही, रजा मागत नाही. पण काही झालं तर दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही, म्हणून एक माणूस ठेवला. तो माणूस एकटा, समोर काचेचे पडदे, बाहेर ढग, आणि तासन्‌तास करायला काही नाही. काही न करता जागं राहणं हे रापण ओढण्याहून कठीण. माणसं डुलकायला लागली. मग कंपनीने जागल्या आणला. जागल्या म्हणजे पूर्वी गावात राखण करत फिरायचा तो माणूस. आता ते यंत्राचं नाव.

जागल्या घेऊन आमच्या घरी नाईकबाई आल्या. डॉक्टर वैदेही नाईक, झोपेच्या डॉक्टर. मी म्हटलं, "झोपेचा डॉक्टर कशाला लागतो? दमला की माणूस आपोआप झोपतो."

"तेच तर, काकी," त्या म्हणाल्या. "पण तो दिवा मालवल्यासारखा झोपत नाही. दमलेला मेंदू तुकड्यातुकड्याने झोपतो. डोळे उघडे असतात, हात चालू असतात, बोलणंही चालू असतं. आत मात्र एखादा कोपरा क्षणभर मिटतो. नेमका तेव्हा आकडा आला तर तो कानावर पडतो, पण आत पोचत नाही. खालून सांगतात नऊ हजार फूट, हा तोंडाने म्हणतो नऊ हजार, आणि बोट फिरवतं सहा हजार. आणि त्याला विचारा, शपथेवर सांगेल की मी जागा होतो."

"कुजलेली रापण अशीच," मी म्हटलं. "वाळूवर पसरली की अख्खी दिसते. भरली की कळतं कुठून गेली."

नाईकबाई हसल्या. मग त्यांनी जागल्या समजावला. झोपलेल्या मेंदूच्या दारात म्हणे एक राखणदार बसलेला असतो. बाहेरून येणारा आवाज तो आधी ऐकतो. भोंगा, घंटा, गाडी, कुत्रं, सगळ्यांना दारातून परत पाठवतो. पण ओळखीच्या माणसाने नाव घेऊन हाक मारली की दार उघडतो. लहान पोरं भोंग्याने उठत नाहीत आणि आईच्या हाकेने उठतात, ते यामुळेच. वैमानिकाच्या कपाळाला एक पातळ पट्टी असते. झोपेची लाट आली की तिला कळतं, आणि कानामागच्या हाडातून हाक जाते. ज्याच्या त्याच्या माणसाची.

"म्हणजे मी बाबल्याला आभाळात उठवणार?"

"तुम्हीच. रोज सकाळी उठवायचात तसंच म्हणा. अगदी तसंच."

मी म्हटलं, "बाबल्या! ऊठ रे मेल्या, सूर्य डोक्यार इलो! तुझो बापूस रापण वढी, आणि तू पासोडी वढतंस?"

बाबलो तिथेच बसला होता. तिशी उलटलेला माणूस, गणवेशातला, पण खुर्चीतून अर्धा उठला. माझी सून शर्वरी इतकी हसली की तिला पाणी प्यायला आत जावं लागलं. नाईकबाई म्हणाल्या, "नुसतं नाव पुरे. मेल्या नको."

पण कंपनीच्या तपासणी केंद्रावर नेऊन त्याला झोपवून पाहिलं तेव्हा गाडं अडलं. बाकीचे वैमानिक आईच्या, बायकोच्या, एक तर बहिणीच्या पहिल्याच हाकेला उठले. बाबलो उठेना. कपाळावरची पट्टी सांगे, हाक आत पोचली, पण गडी हलेना. दुसऱ्या हाकेलाही तसाच पडून. तिसरीला टुणकन उठून बसला आणि म्हणाला, "ओ!"

नाईकबाईंनी मला फोन केला. त्यांच्या आवाजात हसू होतं. "काकी, माझी आजी पेडण्याची. दिवेलागणीनंतर कोणी हाक मारली तर आम्हीही तिसरीलाच ओ द्यायचो. तुमच्याकडेही तेच ना?"

"तेच तर," मी म्हटलं. "भूत दोनच हाका मारता. तिसरी माणसाची." आमच्या किनाऱ्यावर हे दुधाबरोबर पाजतात. अंधारात कोणी नाव घेऊन बोलावलं तर गप राहायचं, मोजायचं, तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. दोन हाकांना ओ देऊन वाळूत उतरलेल्या माणसांच्या गोष्टी मी बाबल्याला इतक्या सांगितल्या होत्या की तो हगायलासुद्धा एकटा जात नसे. विमानाबाहेर भर दुपार असली तरी झोपेत दिवेलागण झालेलीच असते. ते कुठल्या यंत्राला कळणार?

त्यांनी तीन हाका सलग वाजवून पाहिल्या. त्याच्या मेंदूने ती एकच हाक धरली. मधे श्वासभर थांबावंच लागलं. "थोडा वेळ जातो," नाईकबाई म्हणाल्या, "पण उठतो तो मात्र पक्का." कंपनीला चाललं.

हे सांगायला त्या परत घरी आल्या होत्या. निघताना दारात घुटमळल्या. चप्पल घालून परत काढली.

"एक अवघड आहे, काकी. ज्या आवाजामागे काही घडत नाही तो मेंदू सोडून देतो. तुम्हाला समुद्राची गाज ऐकू येते?"

"खयची गाज?" मी म्हटलं, आणि मग कळलं. पाहुणे आले की म्हणतात, केवढा आवाज तुमच्या समुद्राचा, झोप कशी लागते? आम्ही म्हणतो, कसला आवाज?

"तसंच. तुमचा आवाज तो घरी दिवसभर ऐकत राहिला तर राखणदार एक दिवस दार उघडायचा नाही. हाक ताजी राहायला हवी. तो घरी असेल तेव्हा तुम्ही... बोलू नका."

"किती वेळ?"

"तो उडतोय तोवर."

मी शर्वरीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. माझं बोलणं बंद व्हावं म्हणून तिने देवाला काही कमी नवस केले नसतील. पण तेव्हा तिचंही तोंड उतरलं होतं.

मी गप झाले. बाबल्याची गाडी फाटकाशी वाजली की माझं तोंड मिटायचं. जेवायला वाढायचं ते डाव आपटून. भात हवा का, तर पातेलं पुढे. नको, तर पातेलं मागे. बाजारात ही बातमी पोचायला कितीसा वेळ? "म्हातारेन मौन धरल्यान! आता पाऊस येतलो!" मी त्यांना दुप्पट शिव्या दिल्या. घरातल्या शिव्या साठून राहायच्या त्या बाजारात खपत होत्या.

सुरुवातीला बाबलो माझ्या समोर बसून बोलायचा. आये, तिथे असं, आये, इथे तसं. मी मान हलवायची. मग तोही कमी बोलायला लागला. मान हलवणाऱ्या माणसाशी किती बोलणार? मला वाईट वाटलं का, असं शर्वरीने एकदा विचारलं. मी आठवून पाहिलं. वाटलं नाही. दात काढल्यावर डॉक्टरने दिलेलं औषध उतरेपर्यंत गाल असतो ना, आपलाच पण दुसऱ्याचा, तसं होतं.

आणि जागल्या चालत होता. चांगला चालत होता, तीच पीडा झाली. माणूस डुलकला तर उठवता येतं, हे कंपनीला पटलं. मग त्याला निजायला वेळ कशाला द्या? फेऱ्या लांबल्या. मधल्या सुट्ट्या आखडल्या. जाहिरातीच्या फलकांवर एक हसरी आई आली, कुणाची कोण जाणे, पदर बांधलेली, आणि खाली लिहिलेलं: आईची हाक, सुखाचा प्रवास. शर्वरीने ते मला वाचून दाखवलं.

बाबलो घरी यायचा तो पाण्याबाहेर ठेवलेल्या मासळीसारखा. डोळे उघडे, पण त्यात पाणी नाही. शर्वरी काही विचारायची, तो हो म्हणायचा, आणि नंतर विचारायचा, काय म्हणालीस? एकदा आमटीत चमचा बुडवून तो तसाच धरून बसला. मी समोर होते. हाक ओठावर आली. गिळली.

मग ते झालं.

तो दुपारी आला. बूट न काढता आत आला, जेवायला बसला, आणि भात कालवता कालवता भाताशी बोलावं तसं बोलला.

"नऊ हजार सांगितल्यांनी. मी नऊ हजार म्हटलंय. सहा लावलंय."

शर्वरीचा हात थांबला.

"खाली डोंगर होते. यंत्र बोंबलत होता, भोंगो वाजत होतो. माका कायच नाय. मगे आयेची हाक इली." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पयली ऐकलंय. दुसरी ऐकलंय. ऐकून गप रवलंय, आये. तिसरेची वाट बघत रवलंय. तिसरेक ओ दिलंय आणि विमान वर घेतलंय. झाडांचे शेंडे दिसत होते. पानां दिसत होती."

"लोकांना?" शर्वरीने विचारलं.

"लोकांका काय कळता? थोडा हलला म्हणाले. कंपनी म्हणता, जागल्यान वाचवल्यान." त्याने घास घेतला. "फुडच्या महिन्यात लांबची फेरी देतत. भरवसो बसलो म्हणान."

"सांग ना, दमलोय म्हणून," शर्वरी म्हणाली. "नियमात आहे. सांगता येतं."

"येता सांगूक. सांगणाऱ्याचा नाव मगे खालीच रवता." आणि त्याने आमटी मागितली. घाबरला नव्हता तो. तेच मला दिसत होतं. डोंगराला नाक लागता लागता वाचलेला माणूस घाबरला नव्हता. घाबरायला जागं असावं लागतं.

तो ताटावरच पेंगला. शर्वरीने त्याला धरून आत नेऊन निजवलं. मी भांडी उचलली. दोन हाकांच्या मधला श्वास किती मोठा असतो, ते मी भांडी घासताना मनात घेऊन बघत होते. बाबल्या. श्वास. बाबल्या. श्वास. तेवढ्यात डोंगर केवढा जवळ येतो.

मग मी हात पुसले, आतल्या खोलीच्या दारात गेले आणि कितीतरी दिवसांनी त्याच्यासमोर तोंड उघडलं.

"बाबल्या!"

तो उठला नाही. पण शर्वरी धावत आली. "आई! काय करताय? पुढच्या महिन्यात केंद्रावर तपासणी आहे त्याची. हाक चालली नाही तर जमिनीवर बसवतील त्याला!"

"म्हणानच," मी म्हटलं.

ती बघतच राहिली. मग तिच्या लक्षात आलं. माझी सून शिकलेली आहे, तिला दोनदा सांगावं लागत नाही. "त्याने केवढे कष्ट केलेत आई, तिथे पोचायला. तुम्हीसुद्धा. बाजारात सगळ्यांना तुम्ही..."

"बाजाराक काय करतलंय? बाजार माझ्या झिलाचा मढा उचलूक येतलो, मगे परत मासे विकूक बसतलो."

ती रागाने आत गेली. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. पण बाबल्याशी मी बोलले. तो घरी असायचा तो सगळा वेळ बोलले. ही हाक मोडायची रीत नाईकबाईंनीच मला सांगून ठेवली होती, त्यांच्या नकळत. ज्या हाकेमागे काही नाही, ती हाक मरते. मी मारायला घेतली.

"बाबल्या!"

"काय गो आये?" तो धावत यायचा. पहिल्यांदा तर चेहरा उजळला होता त्याचा. आये बोलली.

"काय नाय."

परत, "बाबल्या!" "काय गो?" "काय नाय." जेवण नसताना जेवायला बोलावलं. पाहुणे नसताना पाहुणे आले म्हणून बोलावलं. तो निजला की उशाशी बसून बाजारभर बोलले, बांगड्याचा भाव, कोणाची सून कोणाशी भांडली, आणि मधे मधे त्याचं नाव. त्याला ऊठ म्हटलं आणि उठला तर नीज म्हटलं. एकदा तो ओरडला, "आये, गप रव गो!" तिसऱ्या सुट्टीत तो ओरडेनासा झाला. मी हाक मारावी आणि त्याने पान उलटावं. मी समोर उभी राहून बोलावं आणि त्याने शर्वरीला विचारावं, "आये काय म्हणता?"

रापणीची गाठ सोडवताना एक क्षण असा येतो, दोर सैल पडतो आणि आता सुटलं हे हाताला आधी कळतं. तसं कळलं. तपासणीआधीच्या शेवटच्या फेरीला तो गेला तेव्हा विमान परत टेकेपर्यंत मी दारातच बसून होते.

तपासणीनंतर नाईकबाईंचा फोन आला. या वेळी आवाजात हसू नव्हतं. "काकी, तिन्ही हाकांना पडद्यावरची मेंदूची रेघ हललीसुद्धा नाही. मागच्या खेपेला केवढी उसळी होती. घरी बोलत होतात?"

"माझा घर, माझी जीभ."

त्या म्हणाल्या, "मी कंपनीला वर्षभर सांगतेय की उठवलेला माणूस म्हणजे झोप झालेला माणूस नव्हे. कोणी ऐकत नाही." घसा साफ केला त्यांनी. "मला आता कंपनीतर्फे विचारायचं आहे. बायकोचा आवाज चालेल. शर्वरी तयार असेल तर आठवड्यात—"

फोन मोठ्याने लावला होता. शर्वरी कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबल्याचा गणवेशाचा सदरा हातात होता. तिने त्याची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

"शर्वरी, ऐकतेस ना?" नाईकबाई म्हणाल्या.

"ऐकतेय." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "माझा आवाज नाही मिळणार."

बाबल्याला मोठ्या विमानावरून काढलं. आवाज नसलेल्याला एकट्याने उडता येत नाही. आता तो विमानतळावरच्या एका खोलीत बसून नव्या पोरांना आकडे शिकवतो. वाडीत कळलं तेव्हा बाजारात कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. मी टोपली उचलली आणि कोपऱ्यातल्या जागेवर बसायला लागले.

त्याला सांगितलं मीच. खांद्यावर हात ठेवून, तोंड त्याच्या तोंडासमोर धरून सांगितलं, आता असंच सांगावं लागतं. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"माका मारलंस गो आये," तो म्हणाला.

"मारूक नाय रे. निजवलंय."

तो उठून आत गेला आणि झोपला. त्या दिवशी झोपला, दुसऱ्या दिवशी झोपला. सुट्टी असली की अजून झोपतो. इतकी झोप कुठे साठली होती कोण जाणे. डोळ्यांत थोडं पाणी आलंय. परवा शर्वरीवर चिडला, मीठ जास्त झालं म्हणून. मीठ कळलं त्याला.

आज तिन्हीसांजेला माशाचं सार केलं, त्याच्या आवडीचं, त्रिफळं घालून. ताट मांडलं. शर्वरी दिवा लावत होती. तो पडवीत बाकावर निजला होता, हात खाली लोंबत होता, लहानपणी लोंबायचा तसाच.

"बाबल्या," मी हाक मारली.

श्वास घेतला.

"बाबल्या."

तो निजलेलाच. मी थांबले, आणि त्या थांबण्यात खालून काहीतरी ऐकू आलं. भरतीची गाज. जन्मभर ती तिथेच होती.

शर्वरीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी ताटावर ताट झाकलं.

दोन हाकांना ओ द्यायची नसते. मीच शिकवलंय त्याला. तिसरी मी मारली नाही.